बेळगावच्या टिळकवाडीतला रविवारचा बायोलॉजी क्लास: थंड पाण्यातले मासे आणि त्यांचं रक्त, माझा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कशापायी कापला ते पुढं येईलच. लांबलंय, खरं या क्लासबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं होतं म्हणून सगळं लिहितेय.

मी खानापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्त काढायचं, जांभळ्या टोपणाची ट्यूब हलवायची, मशीनला लावायची, प्रिंट काढायची हेच काम. आठ-नऊ हिमोग्लोबिन असलेल्या बायका रोज समोर बसतात, त्यातल्या कितीजणी तसंच दिवसभर शेतात वाकून कामं करतात, आणि विचारलं तर म्हणतात थोडं दमायला होतंय बघा बाकी काही नाही. त्यामुळं हिमोग्लोबिन हा माझ्यासाठी रिपोर्टवरचा नुसता आकडा नाही. तर या क्लासचा महिन्याचा विषय 'थंड पाण्यातल्या माशांचं हिमोग्लोबिन कसं बदलत गेलं' असा आहे हे कळल्यावर मी त्याच दिवशी नाव दिलं.

क्लास आहे आरपीडी क्रॉसच्या अलीकडं, एका रिटायर झालेल्या झूऑलॉजीच्या सरांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. दर महिन्याला एकच विषय घेतात, चार रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. फी बाराशे, त्यात चहा आणि झेरॉक्स नोट्स आल्या. पीयू सेकंड इयरची (म्हणजे बारावीची) पोरं जास्त, दोन-तीन हायस्कूलच्या बाई, एक रेल्वेतून रिटायर झालेले काका, आणि मी. शिकवणं मराठीतून, खरं दोन पोरं कन्नड मीडियमची होती, त्यांच्यासाठी सर मधेच कन्नडमध्ये परत सांगायचे आणि ते इतकं सहज की कुणाला वेळ गेल्यासारखं वाटायचं नाही. मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी म्हणून येणाऱ्यांनी मात्र आधीच समजून घ्या, इथं एमसीक्यू सोडवून घेत नाहीत.

पहिला रविवार टेबलावरच गेला. कॅम्पातल्या फिश मार्केटमधून आणलेले बांगडे आणि बादलीत एक जिवंत मरळ. सरांनी आधी बांगड्याचं गालफड उचलून कल्ला दाखवला, लालभडक, एकेक पाकळी वेगळी दिसेल असा. ताजा मासा ओळखायला आपण बायका हेच तर बघतो. सर म्हणाले हा लाल रंग डोक्यात ठेवा, तिसऱ्या रविवारी मी तुम्हाला दुधासारखा पांढरा कल्ला दाखवणार आहे. मग मरळीचं थोडं रक्त काढलं आणि स्लाईड करायची वेळ आली तेव्हा मला पुढं बोलावलं, ताई तुमचा हात बसलेला आहे तुम्हीच करा म्हणून. स्मिअर ओढला म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरला, पेशी रंगवणारा लिश्मन स्टेन घातला, धुतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. माणसाच्या लाल पेशी इतकी वर्षं बघते, गोल, मधे फिकट, आत काही नाही. इथं एकेक पेशी लांबट अंडाकार आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळं केंद्रक! पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतंच की माशांच्या लाल पेशींना न्यूक्लियस असतो, पण स्वतः ओढलेल्या स्मिअरमध्ये शेकड्यानं दिसल्यावर मी पोरांना जागाच देईना बघायला. सरांना म्हटलं हे रक्त आमच्या सेल काउंटरला लावलं तर मशीन यातल्या पेशी पांढऱ्या म्हणून मोजून मोकळं होईल. सर एकदम खूश, म्हणाले हे फळ्यावर लिहा. म्हणजे इथं येणाऱ्याला जे येतं त्याचा मान ठेवतात, हे मला फार आवडलं.

रचनेबद्दल थोडक्यात घेतलं. बहुतेक माशांचं हिमोग्लोबिन आपल्यासारखंच चार साखळ्यांचं, दोन अल्फा दोन बीटा, प्रत्येकीत एक हीम आणि त्यात लोह. मॅक्स पेरुट्झ यांनी या रेणूची रचना शोधली आणि १९६२ चं नोबेल मिळालं, एवढं सांगून पुढं गेले. बरं केलं, ते गुगलवर सापडतं.

दुसरा रविवार माझ्या मते अख्ख्या कोर्सचा कणा. दोन बाटल्या पाणी, एक बर्फात ठेवलेली, एक कोमट, दोन्हीत भरपूर हवा सोडलेली, आणि मत्स्यपालनवाले वापरतात तसलं ऑक्सिजन मोजायचं किट. पोरांनीच थेंब घातले, रंग जुळवला. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त. मग सरांनी पक्के आकडे दिले, गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागं साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला ७.५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दोन्ही आकडे खाली येतात खरं प्रमाण तसंच. आपल्या राकसकोपच्या किंवा हिडकलच्या तळ्यातल्या माशाला एप्रिल-मेमध्ये जेवढा ऑक्सिजन मिळतो त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त अंटार्क्टिकाच्या माशाला नुसत्या पाण्यातून मिळतो.

आता कुणालाही वाटेल की थंडीत माशाची चैनच आहे. इथं सरांनी थांबवलं. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, त्यामुळं थंडी वाढली की ते जास्त घट्ट धरतं. कल्ल्यात भरून घेणं सोपं, पेशींपाशी सोडणं अवघड. सरांनी उदाहरण दिलं खानापूरच्या गच्च भरलेल्या बसचं, माणसं चढलीत खरं देसूरच्या स्टॉपवर उतरायलाच कुणी तयार नाही, मग त्या बसचा देसूरला उपयोग काय. म्हणून थंड पाण्यात राहायचं तर हिमोग्लोबिनची पकड सैल असायला हवी. अंटार्क्टिकाच्या बऱ्याच माशांत तशीच सापडते. ही पकड कशानं ठरते तर साखळीतल्या अमिनो आम्लांनी, एखाद-दुसरं अमिनो आम्ल बदललं तरी फरक पडतो. हे मला आपल्या कामामुळं लगेच पटलं, सिकलसेलमध्ये बीटा साखळीत एकच अमिनो आम्ल बदलतं आणि पेशंटचं आयुष्य बदलतं.

शिवाय थंडीत रक्त दाट होतं, ढकलायला हृदयाला जास्त जोर लागतो. त्यावर तिथल्या लाल रक्ताच्या माशांनी रक्तातल्या पेशीच कमी ठेवल्यात. म्हणजे आमच्या भाषेत पीसीव्ही कमी. आणि हिमोग्लोबिनचे प्रकारही कमी. ट्राउटसारख्या माशात हिमोग्लोबिनचे अनेक प्रकार असतात, त्यातला एक असा की रक्त आम्लधर्मी झालं की ऑक्सिजन एकदम सोडून देतो, त्याला रूट इफेक्ट म्हणतात, त्या जोरावर मासा आपल्या हवेच्या पिशवीत आणि डोळ्याच्या पडद्याला ऑक्सिजन पुरवतो. अंटार्क्टिकाच्या नोटोथेनिऑइड गटातल्या बऱ्याच माशांत मात्र एक मुख्य प्रकार, साधारण ९५ टक्के, आणि उरलेला थोडासा दुसरा. कारण असं सांगतात की तिथलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं, ऑक्सिजन कायम भरपूर, वेगवेगळ्या परिस्थितीसाठी वेगवेगळं हिमोग्लोबिन बाळगायची गरज उरली नाही. आपल्याकडच्या नदीच्या माशाला पावसाळ्यात एक पाणी, उन्हाळ्यात एक पाणी. त्याला ही चैन परवडत नाही.

तिसरा रविवार आइसफिशचा. यासाठी तरी लोकांनी यावं असं मी म्हणेन.

१९२७ मध्ये नॉर्वेच्या मोहिमेवर डिटलेफ रुस्टाड नावाचा प्राणीशास्त्रज्ञ अंटार्क्टिकाकडच्या बूवे बेटाजवळ होता, त्यानं पकडलेल्या एका माशाचं रक्त रंगहीन निघालं. तिकडच्या व्हेल मारणाऱ्या खलाशांना असले बिनरक्ताचे मासे माहीत होते. मग योहान रूड यांनी तिकडच्याच साउथ जॉर्जिया बेटावर जाऊन नमुने तपासले आणि १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की या माशांत लाल पेशीही नाहीत आणि हिमोग्लोबिनही नाही. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांत मोठेपणीही हिमोग्लोबिन नसलेलं हे आइसफिशचं एकच कुळ. साधारण १६ जाती. सरांनी स्क्रीनवर फोटो लावला, उघडलेलं गालफड आणि आत पांढरट कल्ला. हॉलमध्ये एकदम शांत झालं सगळं. मग मागून एका पोरानं विचारलं, "खरं सर, मग त्यो मासा जगूलालाय कसा?"

उत्तराला सरांनी तास दिला, आणि योग्य दिला. या माशाचं रक्त ऑक्सिजन वाहतं ते फक्त प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ पाण्यासारख्या भागात, विरघळून. तेवढ्यानं लाल रक्ताच्या नातेवाईक माशाच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी ऑक्सिजन एका वेळी नेता येतो. आमच्याकडं असा रिपोर्ट आला तर मी मशीन बिघडलंय म्हणून सॅम्पल परत काढायला सांगेन. हा मासा ती तूट कुठं कुठं भरून काढतो बघा. रक्ताचं प्रमाण नातेवाईकांच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत. हृदय चांगलंच मोठं, मिनिटाला चार-पाच पट रक्त ढकलणारं. केशवाहिन्या रुंद. अंगावर खवले नाहीत, त्यामुळं थोडा ऑक्सिजन कातडीतूनही मिळतो. पेशी नसल्यामुळं रक्त पातळ, तेवढाच हृदयाला आराम. आणि एवढं करूनही नुसतं स्वस्थ पडून असताना सुद्धा शरीराच्या ऊर्जेतला पाचव्या हिश्श्याच्या आसपास भाग हृदय चालवण्यातच जातो. इतर माशांत हा खर्च फार तर पाच टक्क्यांच्या घरात.

इथं सरांनी जो मुद्दा लावून धरला त्यासाठी मी हा क्लास सगळ्यांना सांगतेय. बाहेर कुठंही बघा, व्हिडिओ असो की पेपरातला लेख, आइसफिशची गोष्ट अशीच सांगतात की थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर म्हणून या हुशार माशानं हिमोग्लोबिनचा खर्च वाचवला. सरांनी जमाखर्च फळ्यावर मांडला. वाचलं काय, तर लाल पेशी आणि हिमोग्लोबिन बनवायचा खर्च आणि दाटपणाचा त्रास. गेलं काय, तर दुप्पट-चौपट रक्त, अवाढव्य हृदय, रुंद रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि ते सगळं रात्रंदिवस चालवायची ऊर्जा. जमा कमी, खर्च जास्त. ब्रूस सिडेल आणि क्रिस्टिन ओब्रायन या संशोधकांनी २००६ मध्ये हेच मांडलं होतं, की हिमोग्लोबिन जाणं या माशाच्या फायद्याचं होतं असं हिशोबात बसत नाही. मग झालं असं असावं की एखाद्या पूर्वजात जनुक तुटलं, गरम पाण्यात असता तर तो मासा मेला असता, इथं पाणी इतकं गार आणि ऑक्सिजन इतका भरपूर, शिवाय स्पर्धेला दुसरे मासे थोडे, त्यामुळं तो तगला. बाकीची दुरुस्ती नंतर झाली. दुरुस्ती सुरू कशी झाली यावरही त्यांचा एक विचार आहे तो मला फार पटला. हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड नष्ट करत असतं. हिमोग्लोबिनच नाही म्हटल्यावर नायट्रिक ऑक्साइड वाढणार, तो रक्तवाहिन्या रुंद करतो, नव्या वाहिन्या वाढवायला मदत करतो. म्हणजे जे गेलं त्याच्या जाण्यातूनच भरपाईला सुरुवात झाली असेल.

जनुकांचा पुरावाही दाखवला. जवळजवळ सगळ्या आइसफिशमध्ये बीटा साखळीचं जनुक पूर्ण गायब, अल्फाचा एक मोडका तुकडा तेवढा शिल्लक. एकाच जातीत, निओपॅजेटॉप्सिस आयोना, दोन्हींचे अवशेष एकमेकांना चिकटलेले सापडतात आणि तेही कामाचे नाहीत. सर म्हणाले हे बघितल्यावर मोडतोडीचा माग लागतो. आणि एवढ्यावर भागलं नाही, हृदयाच्या स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल प्रथिन, मायोग्लोबिनसुद्धा १६ पैकी ६ जातींनी गमावलंय, तेही निदान चार वेगवेगळ्या वेळी. त्या जातींचं हृदय लाल नसतं, पिवळट-पांढरं असतं. दोन हृदयांचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. मी दहा मिनिटं तरी तेच बघत होते.

पीयूच्या पोरांना उत्क्रांती म्हणजे दरवेळी पुढचं पाऊल, दर बदलाचा काहीतरी फायदा, असं शिकवून शिकवून डोक्यात बसलेलं असतं. त्या दिवशी चहाच्या वेळी तीच पोरं एकमेकांशी वाद घालत होती की मग रूट इफेक्ट कशाला टिकला असेल, अंटार्क्टिकाच्या या माशांना तर हवेची पिशवीच नाही. महिनाभराची फी तिथंच वसूल.

आता अर्धा स्टार. चौथ्या रविवारी फार कोंबलं. कॉड माशाची गोष्ट अर्ध्या तासात गुंडाळली आणि ती खरं तर सगळ्यात जवळची, कारण तिथं उत्क्रांती आता चालू असलेली दिसते. अटलांटिक कॉडमध्ये हिमोग्लोबिनचे दोन प्रकार आहेत, १९६० च्या दशकात क्नुड सिक यांनी नॉर्वेच्या किनाऱ्यावरून नमुने घेऊन दाखवलं की दक्षिणेकडं एक प्रकार जास्त, उत्तरेच्या थंड पाण्यात दुसरा. नंतर २००९ मध्ये कळलं की फरक बीटा साखळीतल्या दोन अमिनो आम्लांचा आहे. म्हणजे एकाच जातीचा मासा, एकाच किनाऱ्याला, तापमानाप्रमाणं हिमोग्लोबिन वेगळं. हे पोरांना नकाशावर आकडे मांडून करायला दिलं असतं तर किती रंगलं असतं! कॉडच्या कुळातल्या वेगवेगळ्या जातींचा अभ्यास २०१७ मध्ये झाला त्यात वरच्या पाण्यात राहणाऱ्या जातींत हिमोग्लोबिनची जनुकं जास्त आणि खोल पाण्यातल्यांत कमी निघाली, कारण वरच्या पाण्यात तापमान सारखं बदलतं. हे तर दुसऱ्या रविवारच्या मुद्द्याशी थेट जुळतं, ते तिथंच घ्यायला हवं होतं. सरांना मी सांगितलंय, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

थंडीनं रक्ताचा बर्फ होऊ न देणाऱ्या प्रथिनांचंही तसंच. तिथलं पाणी उणे १.९ अंशापर्यंत जातं, साध्या माशाचं रक्त उणे ०.८ च्या आसपास गोठेल, मग हे मासे बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ थांबवणारं प्रथिन रक्तात बाळगतात. आर्थर डीव्ह्रीज यांनी १९६० च्या दशकात ते शोधलं, आणि १९९७ मध्ये कळलं की ते जनुक ट्रिप्सिनोजेन या पचनाच्या जनुकापासून घडलंय. एकाच गटात एकीकडं जुन्यातून नवं जनुक उभं राहिलं आणि दुसरीकडं चालतं जनुक मोडलं. यावर एक अख्खा रविवार हवा.

नोट्सची झेरॉक्स फिकट आहे, फोटो नुसते काळे डाग दिसतात. पांढरा कल्ला आणि लाल कल्ला यात फरक दाखवायचा असेल तर रंगीत प्रिंट पाहिजेच, पन्नास रुपये जास्त घ्या. हॉलला जिना अरुंद आहे, रेल्वेतले काका दर वेळी थांबत थांबत यायचे. आणि मासा कापतात त्या दिवशी वास राहतो, पंखा एकच.

शेवटी सरांनी गोव्याबद्दल सांगितलं ते मला माहीत नव्हतं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, डॉ. कासिम तिचे प्रमुख, ते स्वतः सागरी जीवशास्त्राचे माणूस, आणि जानेवारी १९८२ मध्ये ते तिथं उतरले. आज वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. चोर्ला घाट उतरला की तीन-चार तासांत पोचतो आपण तिथं. बेळगाव-खानापूरच्या पोरांना इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल एवढंच माहीत असतं, आणि मेडिकल हुकलं की घरात सुतक. सर त्या पोरांना म्हणाले की २०२१ मध्ये अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात जर्मन जहाजाला बर्फाखाली याच आयोना जातीची साधारण सहा कोटी घरटी सापडली, तोवर कुणाला त्यांचा पत्ता नव्हता, तर काम किती पडलंय बघा. एका मुलीनं वास्कोच्या केंद्राचं नाव वहीत दोनदा गिरवलं. सर हेही म्हणाले की समुद्र तापला की पहिली अडचण याच माशांची, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की भरून काढायला यांच्याकडं हिमोग्लोबिन नाही, आणि गेलेलं जनुक परत येत नाही. त्या पोरीनं विचारलं मग आपण काय करायचं सर. सर म्हणाले आधी मोजायचं, नीट मोजलेलं असलं तरच पुढं कुणी ऐकतं.

कुणी जावं? पीयूची पोरं, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी मुलं-मुली (तुम्ही तर जाच, रक्ताकडं बघायची नजर बदलते), हायस्कूलचे विज्ञान शिक्षक. फक्त मार्कांसाठी जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. आठवीच्या खालच्या मुलांना दुसरा रविवार जड जाईल. मासे कापलेले चालत नसतील तर आधी सांगा, सर खिडकीजवळच्या टेबलावर नुसत्या स्लाईडचं काम देतात, आमच्या बॅचमधल्या दोघींना तसं दिलं होतं. खानापूरहून येणाऱ्यांनी सकाळी लवकरची बस धरा, पुढची गच्च असते आणि सर दहाला म्हणजे दहाला सुरू करतात. पुढच्या महिन्याचा विषय बेडूक आणि कातडीनं श्वास घेणं, मी नाव दिलंय.